प्लास्टिक मऊ करणारं रसायन आणि आपली शुगर: थॅलेटबद्दल पक्कं काय, फॉरवर्ड काय?

शाळेतली कंपासपेटी आठवते? मे महिन्याच्या सुट्टीत ती न उघडता पडून राहायची आणि जूनमध्ये उघडली की खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून बसलेलं असायचं. ओढून काढलं तर पट्टीवर खड्डा. उन्हाळ्यात वितळलं असेल, असं आपण समजायचो. उष्णतेचा थोडा हात असतोच, पण खरं कारण वेगळं आहे. ते पांढरं, गुळगुळीत खोडरबर बहुतेकदा रबराचं नसतंच, मऊ केलेल्या पीव्हीसीचं असतं. त्याला मऊ ठेवणारं तेलकट रसायन हळूहळू बाहेर येतं, पट्टीच्या प्लास्टिकमध्ये शिरतं आणि तेही मऊ करून टाकतं.

हे जे रसायन एका वस्तूतून निघून दुसरीत जातं, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं कुटुंब म्हणजे थॅलेट. हेच रसायन आपल्या अन्नातही जातं, तिथून शरीरात जातं आणि त्याचा डायबेटिस, पोटाचा घेर, इन्सुलिन यांच्याशी संबंध आहे का, यावर गेली वीसेक वर्षं संशोधन चालू आहे. या विषयावर रील्स भरपूर आहेत. निम्म्या घाबरवतात, निम्म्या काहीतरी विकतात. म्हणून इथे जरा सविस्तर बघू.

आधी हे रसायन नेमकं करतं काय?

पीव्हीसी मुळात कडक प्लास्टिक आहे. बाथरूमचा पाण्याचा पाईप किंवा यूपीव्हीसीची खिडकी डोळ्यांसमोर आणा. त्या 'यूपीव्हीसी'मधला 'यू' म्हणजे 'अनप्लास्टिसाइज्ड', म्हणजे ज्यात मऊ करणारं रसायन घातलेलं नाही असं. १९२६ साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतले वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवण्यासाठी काहीतरी शोधत होते. त्यांनी पीव्हीसी एका द्रावकात गरम केलं आणि हाती आला जेलीसारखा लवचिक पदार्थ. तिथून मऊ पीव्हीसीचा धंदा सुरू झाला. वायरचं आवरण, रेनकोट, रेक्झिन, टेबलावरचा प्लास्टिकचा कव्हर, बागेची नळी, रक्ताची पिशवी, सलाईनची नळी, सगळं त्याच घराण्यातलं.

पीव्हीसीच्या लांब साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात. प्लास्टिसायझरचे रेणू त्यांच्या मध्ये घुसतात आणि साखळ्या एकमेकींवरून सरकायला लागतात. प्रमाणही किरकोळ नसतं. मऊ पीव्हीसीच्या वजनात २० ते ४० टक्के प्लास्टिसायझरच असू शकतं. म्हणजे मीठ चवीपुरतं घालावं तसा हा प्रकार नाही, ही जवळपास अर्धी कणीकच आहे.

आणि खरी गोम पुढे आहे. हे रेणू साखळीला रासायनिक बंधाने जोडलेले नसतात, नुसते आत बसलेले असतात. तूप लावलेली पोळी कागदावर ठेवली की कागदाला तूप लागतंच, तसंच हे. समोर तेलकट पदार्थ असेल, उष्णता असेल, वेळ भरपूर मिळाला असेल तर ते बाहेर पडतात. थॅलेट पाण्यात फारसे विरघळत नाहीत, तेलात मात्र मस्त विरघळतात. म्हणून त्यांची ओढ तेल, तूप, साय, चीज, लोणचं यांच्याकडे.

थॅलेट हा एकच पदार्थ नाही. जड रेणूवाले आहेत, त्यातला सगळ्यात प्रसिद्ध डीईएचपी आणि त्याच्या जागी आलेला डीआयएनपी. हे मुख्यतः पीव्हीसीसाठी. हलक्या रेणूवाले, म्हणजे डीईपी किंवा डीबीपी, हे परफ्यूम, नेलपॉलिश, सुगंधी लोशन यांत वापरले गेलेत. डीईपी सुगंध जास्त वेळ टिकवायला मदत करतो. काही औषधी गोळ्यांच्या वरच्या आवरणातही हलके थॅलेट असतात.

नावांचा घोळ आधी मिटवू

'पाण्याच्या बाटलीवर १ आकडा आहे, ते पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणजे थॅलेट, म्हणजे विष' हा फॉरवर्ड तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. नावात 'थॅलेट' आहे हे खरं, पण टेरेफ्थॅलेट इथे प्लास्टिकच्या साखळीचाच भाग आहे. तो साखळीत पक्का गुंफलेला असतो. ही बाटली बनवायला वेगळा प्लास्टिसायझर लागतच नाही. अमेय आणि अभय सख्खे भाऊ असतीलच असं नाही, तसंच हे. एकदा वापरायची बाटली महिनोन् महिने वापरू नका, उन्हात गाडीत ठेवू नका, हे सल्ले ठीकच आहेत. पण त्यामागचं कारण डीईएचपी नाही.

दुसरा घोळ बीपीएचा. 'बीपीए फ्री' लिहिलेली बाटली घेतली की सगळ्यातून सुटलो असं वाटतं. बीपीए हा प्लास्टिसायझर नाही. तो पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक प्लास्टिकचा कच्चा माल आहे. डब्यांच्या आतल्या लेपातही तो असायचा. 'बीपीए फ्री' या लेबलवरून थॅलेटबद्दल काहीही कळत नाही.

तिसरा घोळ आपल्या रोजच्या वस्तूचा. पारदर्शक मोबाइल कव्हर वर्षभरात पिवळं पडतं, त्याचा दोष थॅलेटला देऊ नका. ते कव्हर बहुधा टीपीयूचं असतं. ते मुळातच लवचिक आणि ऊन-हवा लागून पिवळं पडतं. पीव्हीसी शोधायचं तर जुन्या चार्जरच्या वायरीत शोधा. अनेक वर्षांनी ती कडक होऊन तडकते, त्यामागे प्लास्टिसायझर निघून जाणं हे एक कारण असतं. युरोपीय संघाने २०१९ च्या जुलैपासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये डीईएचपीसह चार थॅलेटवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. भारताच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत अशी मर्यादा शिसं, पारा, कॅडमियम वगैरे सहा पदार्थांवर आहे, थॅलेट त्या यादीत नाहीत. तरी केबल हाताळून अंगात जाणारं प्रमाण जेवणातून जाणाऱ्या प्रमाणापुढे फारच कमी. केबल तोंडात धरायची सवय असेल तर ती मात्र सोडा.

मग पोटात जातं कुठून?

याचं सगळ्यात साधं आणि सुंदर उत्तर जर्मनीतल्या संशोधकांच्या एका प्रयोगातून मिळतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात फक्त ५ माणसं होती. त्यांनी ४८ तास काहीही खाल्लं नाही, फक्त पाणी प्यायले आणि प्रत्येक वेळची लघवी तपासली गेली. डीईएचपी आणि डीआयएनपीचे अवशेष पहिल्या २४ तासांतच ५ ते १० पटींनी खाली आले. हलक्या थॅलेटवर मात्र उपवासाचा काही परिणाम दिसला नाही. म्हणजे जड थॅलेट जेवणातून येतात आणि हलके क्रीम, सुगंध, हवा यांतून. डीबगिंग करताना आपण एकेक सर्व्हिस बंद करून बघतो ना, अगदी तेच.

पण जेवणात ते येतं कसं? आपण तर पीव्हीसीच्या ताटात जेवत नाही. उत्तर असं, की घरी येण्याआधी अन्नाचा जो प्रवास होतो त्यात मऊ पीव्हीसी ठिकठिकाणी भेटतं: दूध ओढणाऱ्या यंत्राच्या नळ्या, कारखान्यातले पट्टे, हातमोजे, झाकणांच्या आतल्या मऊ रिंगा. जपानमध्ये २००० च्या सुमारास तयार जेवणाच्या डब्यांत डीईएचपी खूप सापडलं. शोध घेतला तर उगम निघाला जेवण भरणाऱ्यांच्या हातमोज्यांत. मोजे पीव्हीसीचे होते, आणि स्वच्छतेसाठी त्यांच्यावर अल्कोहोल फवारलं जायचं, त्यामुळे रसायन आणखी सुटायचं. स्वच्छतेसाठी केलेलं काम नेमकं उलट पडलं. जपान सरकारने त्याच वर्षी अन्नासाठी असे मोजे वापरू नका असं सांगितलं.

काचेच्या बरणीचं धातूचं झाकण उलटं करून बघा. कडेला जी मऊ रबरासारखी रिंग असते ती पुष्कळदा प्लास्टिसायझर घातलेल्या पीव्हीसीची असते. बरणी काचेची, आतलं लोणचं तेलात बुडालेलं, आणि फ्रीजमध्ये बरणी आडवी ठेवली की तेल थेट रिंगेला टेकतं. बरणी उभी ठेवायला काही खर्च नाही.

वडापाव वर्तमानपत्रात गुंडाळून घेण्याबद्दलही एक वाक्य. छपाईची शाई आणि पुनर्वापर केलेला कागद यांत थॅलेटसारखी रसायनं असू शकतात, असं सांगत एफएसएसएआयने डिसेंबर २०१६ मध्ये अन्न वर्तमानपत्रात देऊ नका अशी सूचना काढली आणि २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत त्याला मनाईच केली. मनाई कागदावर आहे. कागद मात्र अजून वडापावाभोवती आहे.

शरीरात गेल्यावर

डीईएचपी आतड्यात तुटतं आणि त्याचं एमईएचपी बनतं. यकृत त्यावर पुढची प्रक्रिया करतं आणि बराचसा भाग २४ तासांत लघवीवाटे बाहेर जातो. इथे दिलासा आहे. शिसं किंवा डीडीटीसारखं हे वर्षानुवर्षं साचत नाही. अडचण अशी की आपण रोज नव्याने भरतो. टाकी गळकी आहे, पण नळही चालूच आहे. ('प्लास्टिक डिटॉक्स' पावडर विकणाऱ्यांना हे सांगा: यकृत आणि मूत्रपिंड हे काम फुकटात, एका दिवसात करतात.)

एमईएचपी शरीरात असताना काय करतं? प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते पीपीएआर-गॅमा नावाच्या रिसेप्टरला चालू करू शकतं. हा रिसेप्टर म्हणजे चरबीच्या पेशी तयार करण्याचा मुख्य स्विच. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्रूस ब्लूमबर्ग आणि फेलिक्स ग्रून यांनी अशा रसायनांसाठी 'ओबेसोजेन' हा शब्द आणला, म्हणजे लठ्ठपणाला हातभार लावणारी रसायनं.

पण थांबा. डायबेटिसचं पायोग्लिटाझोन हे औषधही याच पीपीएआर-गॅमाला चालू करतं. ते घेऊन वजन वाढतं, पण शुगर सुधारते! त्यामुळे 'स्विच चालू झाला म्हणजे डायबेटिस होणार' असं सरळ समीकरण मांडता येत नाही. तज्ज्ञ इतर वाटाही सुचवतात. काही थॅलेट पुरुषी हार्मोनचं काम अडवतात, आणि कमी टेस्टोस्टेरॉन असलेल्या पुरुषांमध्ये पोटाची चरबी आणि इन्सुलिनला न जुमानणं जास्त दिसतं. पेशींवरचा ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, असंही दिसलं आहे. यंत्रणा शक्य आहे, एवढं म्हणता येतं. ती माणसात, रोजच्या प्रमाणात किती चालते हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यासाठी माणसांचा डेटा बघावा लागतो.

माणसांचा डेटा काय म्हणतो?

अमेरिकेत एनहेन्स नावाचं मोठं सरकारी आरोग्य सर्वेक्षण चालतं. लोकांची मुलाखत, कंबर, रक्त, लघवी सगळं एकत्र. २००७ मध्ये रोचेस्टर विद्यापीठातल्या रिचर्ड स्टालहट आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या प्रौढ पुरुषांचा डेटा घेतला. ज्यांच्या लघवीत काही थॅलेटचे अवशेष जास्त, त्यांची कंबर मोठी आणि इन्सुलिन रेझिस्टन्सही जास्त, असं दिसलं. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे शरीर इन्सुलिनचं ऐकत नाही, म्हणून तेवढीच साखर आवरायला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं.

२०१२ मध्ये याच सर्वेक्षणातल्या २,३५० स्त्रियांचा अभ्यास आला. दोन विशिष्ट थॅलेटचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या गटात डायबेटिस असण्याची शक्यता सर्वांत कमी प्रमाणाच्या गटापेक्षा जवळपास दुप्पट होती. त्याच वर्षी स्वीडनच्या उप्साला शहरातल्या, सगळ्या ७० वर्षांच्या, सुमारे हजार लोकांच्या रक्ताच्या अभ्यासातही असाच संबंध दिसला.

हे वाचून 'सिद्ध झालं' म्हणावंसं वाटतं. पण यातल्या प्रत्येक अभ्यासात थॅलेट आणि डायबेटिस एकाच वेळी मोजले आहेत. आधी कोण आलं, हे स्नॅपशॉटवरून कळत नाही. ज्याला डायबेटिस आहे तो जास्त गोळ्या घेतो, दवाखान्यात जास्त जातो, सलाईन-नळ्यांशी त्याचा संबंध जास्त येतो. म्हणजे आजारामुळे थॅलेट वाढलं असंही असू शकतं.

दुसरी आणि मोठी अडचण म्हणजे जेवण स्वतः. अमेरिकेतल्याच एका अभ्यासात (२०१६, सुमारे ८,९०० लोक) दिवसातल्या ३५ टक्क्यांहून जास्त कॅलरी फास्ट फूडमधून घेणाऱ्यांच्या लघवीत डीईएचपीचे अवशेष फास्ट फूड न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे २४ टक्के आणि डीआयएनपीचे सुमारे ३९ टक्के जास्त होते. आता बर्गर-फ्राइज खाऊन कोणाची कंबर वाढली, तर ती बर्गरमुळे की बर्गरच्या वेष्टनामुळे? संशोधक आकडेमोडीत कॅलरी, वय, उत्पन्न वजा करायचा प्रयत्न करतात, पण 'मी दिवसाला काय खाल्लं' याचं उत्तर लोक किती खरं देतात, हे आपण सगळेच जाणतो.

म्हणून जास्त वजन द्यायचं ते आधी नमुना घेऊन नंतर वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांना. असे दोन माझ्या मते सगळ्यात बोलके आहेत, आणि दोन्ही गोंधळात टाकणारे. पहिला अमेरिकेतल्या नर्सेसचा, २०१४ चा. डायबेटिस होण्याआधी घेतलेली लघवी साठवून ठेवली होती. नंतर डायबेटिस झालेल्या ९७१ स्त्रियांची तुलना न झालेल्या तेवढ्याच स्त्रियांशी केली. तुलनेने तरुण, म्हणजे मध्यमवयीन गटात जास्त थॅलेट असलेल्यांना धोका सुमारे दुप्पट. वयस्कर गटात मात्र संबंध दिसलाच नाही. दुसरा २०२३ चा, मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांचा. १,३०८ मध्यमवयीन स्त्रिया, ६ वर्षं पाठपुरावा. काही थॅलेट जास्त असलेल्या गोऱ्या स्त्रियांमध्ये डायबेटिसची शक्यता ३० ते ६३ टक्के जास्त. कृष्णवर्णीय आणि आशियाई वंशाच्या स्त्रियांमध्ये असा संबंध आढळला नाही.

म्हणजे एका गटात ठळक, दुसऱ्यात गायब. खरा परिणाम असताना असं होऊ शकतं, आणि योगायोगानेही होऊ शकतं.

याच्या मुळाशी एक मोजमापाची भानगड आहे, आणि सॉफ्टवेअरवाल्यांना ती लगेच कळेल. थॅलेट काही तासांत शरीरातून जातात. अनेक अभ्यासांत प्रत्येक माणसाची एक-दोन वेळाच लघवी घेतलेली असते. ती सांगते काल रात्री काय खाल्लं ते. त्यावरून दहा वर्षांचा अंदाज बांधणं म्हणजे सर्व्हरचा सीपीयू मंगळवारी दुपारी एकदा बघून वर्षाचा लोड सांगण्यासारखं. अशा ढोबळ मोजमापाचा सर्वसाधारण परिणाम खरा संबंध पुसट दिसण्याकडे होतो. त्यामुळे 'संबंध आढळला नाही' म्हणजे 'संबंध नाही' असंही नाही. दोन्ही बाजूंनी सावध राहायला लागतं, आणि तीच गोष्ट ६० सेकंदांच्या रीलमध्ये बसत नाही.

'भारतात एक लाख मृत्यू' ही बातमी

एप्रिल २०२५ मध्ये बऱ्याच न्यूज ॲपवर नोटिफिकेशन आलं होतं: प्लास्टिकमधल्या रसायनामुळे हृदयविकाराचे लाखो मृत्यू, भारत पहिला. मूळ अभ्यास न्यूयॉर्क विद्यापीठातल्या लिओनार्डो ट्रॅसांडे यांच्या गटाचा. २०१८ मध्ये ५५ ते ६४ वयोगटातल्या हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी जगभर ३,५६,२३८ डीईएचपीशी जोडता येतात, आणि त्यातले १,०३,५८७ भारतात, असा त्यांचा अंदाज.

आकडा इतका शेवटच्या अंकापर्यंत असला की तो मोजलेला वाटतो. तो मोजलेला नाही, मॉडेलमधून काढलेला आहे. देशोदेशीच्या लोकांच्या अंगात डीईएचपी किती असावं याचा अंदाज घेतला, अमेरिकेतल्या एका अभ्यासात धोका किती वाढलेला दिसला ते प्रमाण घेतलं, त्या देशातल्या मृत्यूंच्या संख्येवर ते लावलं. भारताची लोकसंख्या मोठी आणि या वयातले हृदयविकार जास्त, त्यामुळे एकूण आकडा मोठा येणार हे उघड आहे. आणि वर सांगितलेली सगळी अनिश्चितता त्या एका प्रमाणात दडलेली आहे. अभ्यास फालतू आहे असं अजिबात नाही. धोका खरा निघाला तर तो केवढा असू शकतो, हे दाखवायला अशी मॉडेलं उपयोगी असतात. पण 'प्लास्टिकने एक लाख भारतीय मारले' हे वाक्य त्या पेपरमध्ये नाही, ते हेडलाइनमध्ये आहे.

तुलनेसाठी दुसरा आकडा बघा, जो खरोखर लोकांचं रक्त तपासून आला आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासानुसार (२०२३) भारतात ११.४ टक्के प्रौढांना डायबेटिस आहे, म्हणजे सुमारे १० कोटी लोक. आणखी १५.३ टक्के प्रीडायबेटिसमध्ये. यात थॅलेटचा वाटा असलाच तरी बसून काम, झोप, जेवण आणि आनुवंशिकता यांच्या रांगेत तो बराच मागे उभा आहे, असं माझं मत.

धने पूड प्रकरण

आता मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्को भागातल्या ५ कुटुंबांतल्या २० जणांना ३ दिवस ताजं, प्लास्टिकच्या वेष्टनात न आलेलं जेवण दिलं. डीईएचपीचे अवशेष निम्म्याहून खाली आले. उपाय सापडला म्हणून सगळे खूश.

मग सिएटलमधल्या संशोधकांनी तसाच प्रयोग १० कुटुंबांवर केला. अर्ध्यांना फक्त लिखित सल्ला, उरलेल्यांना केटररकडून ५ दिवस ताजं, स्थानिक, प्लास्टिकचा संपर्क टाळून शिजवलेलं जेवण. अपेक्षा होती आकडा पडेल. केटरिंगवाल्या कुटुंबांमध्ये डीईएचपी सुमारे २५ पट *वाढलं*! संशोधकांनी मग घटक तपासले. दुधात बऱ्यापैकी सापडलं आणि कोरड्या मसाल्यांत, विशेषतः धने पुडीत, एका ग्रॅमला तब्बल २१ मायक्रोग्रॅम. हा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला.

मराठी घरात हे वाचून दचकायला होतं, कारण आपली निम्मी फोडणी त्यात आली. तर जरा हिशेब करू. एक चमचा धने पूड म्हणजे अंदाजे २ ग्रॅम, म्हणजे ४२ मायक्रोग्रॅम. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये डीईएचपीसह चार थॅलेट मिळून जी मर्यादा ठरवली ती दर किलो वजनामागे दिवसाला ५० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसासाठी ३,००० मायक्रोग्रॅम. म्हणजे तसली धने पूड असली तरी एका चमच्याने मोठ्या माणसाची मर्यादा ओलांडत नाही. मात्र एक खाचखळगा आहे: ही मर्यादा प्रजननावरचे परिणाम धरून काढली आहे, शुगर-चरबी धरून नाही. चयापचयावरचे परिणाम कमी प्रमाणातही होत असतील का, ही शंका असल्यामुळे संस्थेने स्वतःच तिला 'तात्पुरती' म्हटलं आहे.

आणि एका दुकानातल्या एका नमुन्यावरून जगातली सगळी धने पूड दोषी ठरत नाही. या प्रयोगातून मी घेतो तो मुद्दा वेगळाच. 'ऑरगॅनिक', 'फ्रेश', 'प्लास्टिक-फ्री' ही लेबलं पुरवठा साखळीतल्या मागच्या पाच टप्प्यांबद्दल काही सांगत नाहीत. ग्राहक काळजी घेऊन ठराविक मर्यादेपर्यंतच जाऊ शकतो, पुढचं काम नियम आणि तपासणीचं आहे. तैवानने ते २०११ मध्ये अनुभवलं: तिथल्या सरकारी प्रयोगशाळेतल्या एका तपासनीसाला प्रोबायोटिक पावडर तपासताना डीईएचपी सापडलं. पेयं गढूळ, दाट दिसावीत म्हणून घालायच्या पदार्थात पाम तेलाऐवजी स्वस्त डीईएचपी मिसळलं जात होतं. तिने तो अनोळखी सिग्नल दुर्लक्षित केला असता तर ते तसंच चालू राहिलं असतं.

नियमांचा परिणाम होतो, हे आकड्यांत दिसतं. खेळण्यांवर अमेरिकेत २००८ पासून ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. भारतातही खेळण्यांसाठी बीआयएसच्या मानकात थॅलेटचा भाग आहे आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. अमेरिकेत २००१ ते २०१० दरम्यान लोकांच्या लघवीतलं डीईएचपी घटलं. पण त्याच काळात डीआयएनपीचे अवशेष जवळपास अडीच पट झाले. एक लायब्ररी डेप्रिकेट केली, लोकांनी तिच्याच चुलत बहिणीवर मायग्रेशन केलं. आता डीआयएनसीएच, डीओटीपी असे पर्याय वाढतायत. ते बरे दिसतात, पण त्यांच्यावरचा अभ्यास अजून कोवळा आहे.

मग घरात काय करायचं?

क्रम लावायचा तर आधी बाहेरचं पॅकबंद आणि फास्ट फूड कमी. यात थॅलेटबद्दलचा अंदाज उद्या चुकीचा ठरला तरी तुमचं नुकसान शून्य, कारण शुगर आणि कंबर या दोघांना ते तसंही हवंच आहे. गरम आणि तेलकट पदार्थ स्टीलच्या डब्यात. आपल्याकडे स्टीलचा डबा ही काही नवी खरेदी नाही, आजीच्या काळापासून फडताळात आहेच. प्लास्टिकचा डबा असेल तर तळाशी त्रिकोणात ५ आकडा बघा. ते पॉलिप्रोपिलीन, त्याला प्लास्टिसायझर लागत नाही. ३ आकडा म्हणजे पीव्हीसी, तो अन्नासाठी नको. मायक्रोवेव्हमध्ये काच किंवा चिनी मातीची भांडी. पिण्याचं पाणी भरायला बागेची हिरवी नळी वापरत असाल तर ती बदला. डिओ, परफ्यूम, सुगंधी लोशन एकावर एक चढवत असाल तर एखादं कमी करा, हलके थॅलेट तिथून येतात.

घरातलं सगळं प्लास्टिक एका शनिवारी फेकून देऊन महागडी काचेची भांडी मागवायची गरज नाही. आणि दवाखान्यात तर या भीतीला अजिबात थारा देऊ नका. रक्ताच्या पिशवीत डीईएचपी असतं हे खरं, ते लाल पेशी टिकवायलाही मदत करतं. रक्त किंवा सलाईन लागणाऱ्या माणसासाठी ते नाकारणं हा शेकडो पट मोठा धोका आहे. रोजच्या गोळ्याही आवरणाच्या भीतीने बंद करायच्या नाहीत. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, दुसऱ्या कंपनीची गोळी मिळू शकते.

राहिला प्रश्न 'प्लास्टिक टॉक्सिन टेस्ट' पॅकेजांचा. काही हजार रुपयांत लघवी तपासून देतात. रिपोर्टमध्ये आकडा येईल, पण त्या आकड्याचं काय करायचं हे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही, कारण थॅलेटसाठी 'इतक्याच्या वर आजार' अशी वैद्यकीय रेषा आखलेलीच नाही, आणि आजचा आकडा परवा वेगळा येईल. त्याच पैशात एचबीए१सी होऊन वर भरपूर उरतात. ते गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगतं: ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ किंवा वर गेलं तर डॉक्टरकडे. आणि शिंप्याची टेप घरात असेलच. भारतीय पुरुषांसाठी कंबर ९० सेंटीमीटर, स्त्रियांसाठी ८०, याच्या वर असेल तर तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलू नका.